फोन देईन, पण पिन करूनच

परवा बबीन्याला, झाशीजवळच्या लष्करी छावणीत, आमच्या क्वार्टरवर चैत्रातलं हळदीकुंकू केलं. झाशीच्या बाजारातून कैऱ्या आणल्या, डाळ वाटली, पन्हं केलं... शेजारच्या हिंदीवाल्या बायकांना आमची डाळ आता इतकी आवडते की दुसरी वाटी हक्काने मागून घेतात.

यंदा साहेबांच्या मॅडमही आल्या. साहेब म्हणजे आमच्या ह्यांच्या युनिटमधले सगळ्यात मोठे अधिकारी. मॅडमना गौरीची आरास फार आवडली. त्यांचा फोन गाडीत राहिला होता, म्हणून फोटो काढायला माझा मागितला.

मी दिला. पण आधी कॅमेरा उघडला आणि स्क्रीन पिन केली... म्हणजे समोरच्याला तेवढा कॅमेराच वापरता येतो, दुसरं काही उघडायचं तर माझा पिन लागतो. सेटिंगमध्ये ही सोय फुकट असते आणि तरी बायका ती वापरायला लाजतात.

मी का लाजत नाही ते सांगते. आमचे हे सध्या फील्डवर आहेत... कुठे ते विचारू नका. मागे एकदा शेजारच्या भाभीला गाणं लावायला फोन दिला आणि नेमका तेव्हाच ह्यांचा सुट्टीचा मेसेज आला. संध्याकाळपर्यंत क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीला ह्यांची घरी यायची गाडी आणि तारीख ठाऊक. दूधवाले भैयासुद्धा अभिनंदन करून गेले.

हे ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, यापुढे तुला काही कळवत नाही. मग कितीतरी दिवस नुसतं 'ठीक आहे' यायचं... त्या दोन शब्दांवर दिवस काढणं काय असतं, ते मला पुन्हा बघायचं नाही.

तर मॅडमनी फोटो काढले आणि ते स्वतःच्या नंबरवर पाठवायला गेल्या. काही उघडेना.

"ये हैंग हो गया क्या?"

"नहीं मैम, मैंने लॉक करके दिया है. नंबर बताइए, मैं भेज देती हूँ."

मॅडमच्या कपाळावर आठी. "क्यों, हम पर भरोसा नहीं है?"

साहेबांच्या बायकोला नाही म्हणायची इथे पद्धत नाही... पण म्हटलं, जे व्हायचं ते होऊ दे. "मैम, इसमें मेरे पति के मैसेज हैं. वो मैं किसी को नहीं दिखाती."

तेवढ्यात सासूबाई बोलल्या. साताऱ्याहून आल्यापासून त्या याच कारणावरून माझ्यावर रुसून होत्या.

"मेरे को भी नहीं दिखाती, मॅडम. मैं तो सगी माँ है उसकी."

आधी मॅडम हसल्या, मग सगळ्याच. मॅडमनी नंबर सांगितला, मी तिथल्या तिथे फोटो पाठवले. विषय संपला.

बायका गेल्यावर मी भांडी आवरत होते. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "कुठे आहे ते नको सांगू... वेळेवर जेवतो का, तेवढं सांग."

ते सांगितलं. मग पुसलेल्या हाताने फोन घेतला आणि आईला कळायला हव्यात अशा दोन-चार ओळी वाचून दाखवल्या. गुडघा दुखायचा थांबलाय, आईच्या हातच्या चटणीची बरणी संपत आलीये, असल्या. फोन त्यांनी मागितला नाही... त्या नुसत्या ऐकत होत्या, पदर डोळ्याला लावून. मला फार भरून आलं.

आता उघडच सांगते. अडीअडचणीला माझा फोन खुशाल मागा, कधी नाही म्हणणार नाही, पण पिन करूनच मिळेल... मग शेफारली म्हणा, आगाऊ म्हणा. माझा माणूस मला पुन्हा लिहायला लागलाय.