कस्तुराबाईचा पहारा

वाळूजला कारखाने उभे राहत होते, तेव्हा आसपासची कितीतरी पोरं काठी-घोंगडी टाकून मशीनवर लागली. वैजापूरकडचा सूर्यभान त्यातलाच. रांजणगावात पत्र्याची खोली घेऊन त्यानं बायकोला, कस्तुराबाईला, आणलं. उंचापुरा, हसरा गडी. त्याच्या बोलण्यावर सारी आळी हसायची.

पुढं त्याचा बाप मुंजाबा अंगावरून वारं जाऊन पडला. जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस. अर्धं अंग लुळं झालं, जीभ जड पडली. सूर्यभाननं त्याला खोलीवर आणलं. म्हातारा खाटेवरून भिंतीकडं बघत राही, भाकरी घशाखाली उतरेना. शेजारच्या आवडाबाईनं कस्तुराबाईला बजावलं, अशी माणसं जिवाचं बरंवाईट करून घेतात, एकट्याला सोडू नको. कस्तुराबाईनं ते मनावर घेतलं. पाण्याला गेली तरी ती कुणाला तरी दारात बसवून जाई.

त्याच सुमारास सूर्यभानला साखरेचा आजार निघाला. लोखंडाचा कीस लागून झालेली पायाची जखम भरेना, तळपायांची आग होई, झोप उडाली. यात पाय कापतात, असं कुणीसं त्याला सांगितलं. तेही त्यानं घरी हसतच सांगितलं. एका सुटीला त्यानं गळके पत्रे नीट करून घेतले. आवडती सायकल मेव्हण्याला देऊन टाकली. एकदा धाकट्या पोराला मांडीवर घेऊन उगाच बसून राहिला. दुखण्यानं माणूस मऊ होतो, असं कस्तुराबाईला वाटलं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा शहरात बंद पाळला गेला, कंपनीची बस आली नाही. बंद उठला तरी काम सुरू झालं नव्हतं, म्हणून बापाला दवाखान्यात न्यायला पहिल्यांदाच सूर्यभान बरोबर निघाला. चौकाचौकात पोलीस उभे होते.

डॉक्टर कालिंदीबाईंनी म्हाताऱ्याला तपासलं, मग त्याच्याकडं वाकून हळू विचारलं, "आजोबा, जगणं नकोसं वाटतं का?"

कस्तुराबाईच्या अंगावर काटा आला. असलं कुणी तोंडावर विचारतं का!

मुंजाबानं नाही म्हणून मान हलवली. मग धड हात उचलून पोराकडं बोट केलं आणि एकेक शब्द ओढत म्हणाला, "ह्याला... इचारा."

सूर्यभान हसायला गेला. ओठ नुसतेच हलले.

"व्हय," तो म्हणाला. "रोज वाटतं. पाय गेल्यावर मी बी असाच खाटंवर..."

पत्रे, सायकल, मांडीवरचं पोर, सगळं एकदम कस्तुराबाईच्या डोळ्यांपुढं आलं. ती राखत होती एकाला आणि निरोप घेत होता दुसराच. आणि म्हातारा भिंतीकडं नव्हताच बघत. त्या भिंतीशी सूर्यभान निजायचा. पोराची तळमळ बघून त्याला घास जात नव्हता, आणि सांगायला जीभ वळत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी सूर्यभानला तिथंच ठेवून घेतलं. कस्तुराबाईला त्यांनी समजावलं, की शरीराचं दुखणं मनाला पोखरतं आणि खचलेलं मन औषधाला हात लावू देत नाही; म्हातारा असो की तरणा, इलाज दोन्हींचा करायचा. "आणि विचारत जा," त्या म्हणाल्या. "विचारल्यानं तसं वाटणं वाढत नाही."

पायाची दोन बोटं गेली, पाय वाचला. मन सावरायला मात्र लई दिवस लागले. मधूनच तो पुन्हा गप्प गप्प होई. मग भाकरी थापता थापता कस्तुराबाई सरळ विचारी, "आज वाटलं का तसं?" कधी तो नाय म्हणे. कधी व्हय म्हणे, तेव्हा ती तवा उतरवून त्याच्याजवळ बसे आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठी. कंपनीनं त्याला गोदामात बसून करायचं काम दिलं.

विद्यापीठाला नवं नाव मिळालं, त्या वर्षी मुंजाबा झोपेतच गेला. लंगडत लंगडत सूर्यभाननं बापाला खांदा दिला. दारात उभ्या कस्तुराबाईच्या मनात आलं, हे उलटं झालं असतं तर, खांदा द्यायला म्हाताऱ्याला उठताही आलं नसतं. तिनं चौकट घट्ट धरली.