वडील तपासणीत पास झाले

चऱ्होलीला आमची दीड एकर कोरडवाहू जमीन होती आणि खाणारी तोंडं सात. पेरणी उरकली की वडील गवंड्याच्या हाताखाली जायचे आणि आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला. घरात चपलांचा एकच जोड, तोही वडिलांच्या मापाचा; आळंदीच्या बाजाराला जो जाईल त्यानं तो फटक फटक वाजवत न्यायचा. लग्नसराईत मात्र वडिलांचा भाव वाढायचा. आसपासच्या गावांत नवरदेवाला फेटा बांधायचा तर त्यांनीच. बोलता बोलता, आरशाकडे न बघता बांधायचे.

पुढे पिंपरीकडे कारखाने उभे राहिले आणि वडील एका कंपनीत मशीनवर लागले. घरात पगार आला, मला चपला आल्या, मॅट्रिकनंतर पुण्याचं कॉलेजही आलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कुणी विचारो न विचारो, मी ते सांगत असे.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा कंपनीत माल उचलायची साखळी तुटली आणि हूक वडिलांच्या डोक्यात बसला. चार दिवस शुद्ध नव्हती. मग शुद्ध आली, टाके निघाले, केसही उगवले. भेटायला येणारे म्हणायचे, "काय झालंय यांना? ठणठणीत तर हायेत."

काय झालं होतं ते आम्हालाच ठाऊक. पिंपरीला निघालेले वडील आळंदीच्या बसमध्ये बसायचे. एका शर्टावर दुसरा घालायचे. कामावर परत गेले तर जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, न बांधताच मशीन सुरू केलं. फोरमननं हात जोडले, "काका, घरी बसा. तुमचा हात जाईल, माझी नोकरी जाईल." भरपाईचं विचारलं तर कंपनी म्हणाली, जखम भरली आहे, माणूस आपणहून कामावर येत नाही. म्हणजे नोकरीही नाही आणि भरपाईही नाही. कामगार युनियनच्या मदतीनं आम्ही दावा लावला, आणि सरकारी डॉक्टरांकडे तपासणीची तारीख मिळाली.

इथं मी माझं शिक्षण कामाला लावलं.

तपासणी म्हणजे तोंडी परीक्षा, असा माझा हिशोब. आठ दिवस मी वडिलांची तयारी करून घेतली. आज वार कोणता, मुलं किती, पंतप्रधान कोण. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. आईनं तिच्या बाजूनं दाढी करवली, धोतर नीळ घालून काढलं आणि फेटा स्वतःच्या हातानं बांधून दिला, कारण वडिलांना तो आता येत नव्हता. ही गोष्ट तिनं शेजारणीलाही कळू दिली नव्हती. साहेबापुढं गबाळं जायचं नाही, एवढंच आम्हा दोघींना कळत होतं.

वडिलांनी सगळी उत्तरं बरोबर दिली. डॉक्टरांनी खूश होऊन लिहिलं: कामास योग्य.

युनियनचे वकील कागद वाचून माझ्याकडे बघत राहिले. "कितवीला आहात?"

"बी.ए.ला."

"वाटलंच. बाई, या परीक्षेत त्यांना नापास व्हायचं होतं. तुम्ही पहिल्या वर्गात पास करून आणलंत."

त्या दिवशी बसमध्ये मी कुणालाच कॉलेजचं सांगितलं नाही.

सुनावणी शिवाजीनगरला, कामगारांच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांपुढं होती. वकिलांनी आईला बजावलं होतं, घरात जे घडतं ते तसंच सांगायचं. आई उभी राहिली आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर. स्वयंपाकघरात काही गोंधळ करतात का? "न्हाई." वाट चुकतात? "न्हाई बा." चारचौघांत नवऱ्याचं उणं काढायचं तिच्या जिभेवर येईना. आमचे वकील कपाळ चोळायला लागले.

कंपनीचे वकील रंगात आले. "साहेब, स्वतः बाईच सांगतायत. आणि माणूस तर समोर बसलाय. फेटा बघा कसा बांधलाय! ज्याच्या डोक्याला मार आहे तो असा फेटा बांधेल?"

आई फिरून म्हणाली, "त्यो मी बांधलाय."

"काय?"

"मी बांधलाय म्हटलं. ह्यांनी बांधला असता तर ह्याच्यापेक्षा दहापट चांगला दिसला असता. तुमी काय बघितलाय ह्यांचा फेटा?"

आयुक्तांनी चष्मा काढला. वडिलांना म्हणाले, "बाबा, जरा सोडून परत बांधता का?"

वडील आनंदानं उठले. फेटा सोडला, टोक दातात धरलं, एक वेढा घेतला, दुसरा घेतला. मग थांबले. सोडला, पुन्हा टोक दातात. तिसऱ्या वेळी सगळं कापड खांद्यावर आलं आणि ते आईकडे बघायला लागले. आईचे हात पुढं गेले. मी तिचा पदर धरला. तिनं हात मागं घेतले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"अगं, कुठून धरायचा?" वडिलांनी विचारलं.

शेवटी शिपायानं कापड गोळा करून त्यांच्या हातात दिलं.

आयुक्तांनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडून नव्यानं तपासणी करायचा हुकूम दिला. या वेळी आम्ही काहीही पाठ करून घेतलं नाही. आईला मी सांगितलं, डॉक्टर विचारतील ते सगळं बोल. तिनं इतकं सांगितलं की डॉक्टरांना दुसरा कागद घ्यावा लागला. परत येताना मात्र माझ्याशी स्वारगेटपर्यंत बोलली नाही.

त्यानंतरही तारखा पडतच राहिल्या. मधल्या काळात मी बी.ए. झाले आणि चिंचवडला एका शाळेत शिकवू लागले. अपघाताला पाच वर्षं होत आली तेव्हा निकाल लागला. वडिलांच्या मेंदूला कायमची इजा झाली आहे आणि ती कामावरच झाली, हे आयुक्तांनी मान्य केलं, आणि कंपनीला पूर्ण भरपाई भरावी लागली.