पंचावन्न किलोचे सर

सर रोज सकाळी काट्याला नमस्कार करायचे. देवाला करतात तसा हात जोडून नव्हे. पाय जुळवून, हात मांड्यांना चिकटवून, कमरेत वाकून. मग घड्याळ काढून काट्यावर चढायचे, आकडा बघायचे, खाली उतरायचे आणि पुन्हा वाकायचे. आकडा मनासारखा आला तरी वाकायचे, नाही आला तरी वाकायचे. आमच्या अंगणात हा सोहळा चाले तेव्हा बाबा हौदापाशी कडुनिंबाची काडी चावत उभे असत. त्यांनी उभ्या जन्मात काट्याला शिव्यांखेरीज दुसरं काही वाहिलं नव्हतं. भाजीच्या बाजारात जाताना ते पिशवीत स्वतःचं एक किलोचं लोखंडी वजन घेऊन जात आणि माल मोजायच्या आधी ते काट्यावर ठेवायला लावत. त्यावरून दर आठवड्याला एखादं भांडण ठरलेलं असे.

आमचं घर वलगावला. घरामागे वांगी, मेथी, कोथिंबीर, आणि माल अमरावतीच्या बाजारात. मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते आणि संध्याकाळी किकबॉक्सिंग शिकत होते. तिथे दोन वर्षं शिकवायला म्हणून सर जपानहून आले. शहरातल्या खोलीत त्यांना भोंग्यांनी झोप लागेना, म्हणून मी आमच्या वरच्या खोलीचं सुचवलं. आईला आधी पसंत नव्हतं. "पोरगी लाथा मारायले शिकते हेच कमी होतं काय, आता लाथा शिकवनारा घरात आनते," असं ती म्हणाली. पण सर दारात चपला काढून, त्या नीट जुळवून, तिच्यासमोर कमरेत वाकले, तेव्हा ती इतकी गोंधळली की तीही वाकली. मग दोघं आळीपाळीने वाकत राहिले. शेवटी बाबांनी पाण्याचा तांब्या मध्ये धरला तेव्हा कुठे ते थांबले.

सर मराठी शिकले ते आईच्या चुलीपाशी. त्यामुळे त्यांची मराठी अस्सल वऱ्हाडी. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या पंचांना ते पहिल्याच भेटीत म्हणाले, "तुमी काहून उभे? बसा ना बाप्पा!" ते गृहस्थ बिचारे लगेच बसले. मला शिकवतानाही तीच भाषा. माझा पाय कमरेच्या वर जाईना तेव्हा ओरडायचे, "पाय उचल व माय! जमिनीले चिकटला काय?" सरावाची पिशवी म्हणून बाबांनी पोत्यात सरकी आणि चिंध्या भरून ते अंगणातल्या कडुनिंबाला टांगून दिलं होतं. त्या पोत्याला लाथ मारण्याआधीही सर वाकायचे आणि मलाही वाकायला लावायचे. "ते मार खाते, आपन शिकतो," एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांची कारकीर्द मी तुकड्यातुकड्यांनी ऐकली, बहुतेक वेळा शेंगा फोडताना. वडिलांचं शेवयांच्या रश्शाचं छोटं हॉटेल. आई चुलीवर, बाप गल्ल्यावर, आणि मुलगा सतराव्या वर्षापासून अशा खेळात की ज्यात घरचंच अन्न वैरी. हलक्या वजनाच्या गटात एकेक ग्रामचा हिशेब. उंचीने सर माझ्या कानाएवढे, पण त्यांची डावी लाथ मांडीवर बसली की समोरच्याला दोन दिवस जिना चढता येत नसे. चाळीसेक लढती झाल्या, त्यातल्या बहुतेक जिंकल्या. तिशीत पंचावन्न किलो गटाच्या विजेतेपदाचा पट्टा मिळाला. तो राखायच्या लढतीआधी वजन झालं आणि काट्याने दोनशे ग्राम जास्त दाखवले. दिलेल्या मुदतीत ते उतरले नाहीत. पट्टा रिंगणात हरले असते तर त्यांना चाललं असतं, पण तो काट्यावर गेला. लाजेने त्यांनी लढणं सोडलं आणि शिकवायला लागले.

"काटा खोटा असंन," बाबा ठामपणे म्हणाले.

"नाई," सर म्हणाले. "काटा खरा होता. मी खोटा होतो."

बाबांनी वेड्या माणसाकडे पाहावं तसं त्यांच्याकडे पाहिलं. रात्रीच्या जेवणाला मात्र त्यांच्या पानात स्वतः भाकर वाढली.

आमच्याकडे पाहुण्याला वाढताना तो 'पुरे' म्हणाला की ती सुरुवात समजतात. तिसऱ्यांदा 'नाही' म्हटल्याखेरीज 'नाही' धरायचं नाही, हा आईचा कायदा. सरांना हा कायदा कळायला सहा महिने लागले, आणि कळला तरी त्यांच्याने तिसऱ्यांदा नाही म्हणवत नसे. कढी-गोळे झाले, पातोड्या झाल्या, वांग्याच्या भाजीबरोबर तुपात बुडवलेले रोडगे झाले. सर पंचावन्नचे साठ झाले, साठचे बासष्ट झाले. रोज काट्याला वाकत होते आणि रोज जेवत होते. बाजारात बाबांच्या ओळखीचे लोक त्यांना 'पंचावन' म्हणायचे, ते आता हसून 'बासष्ट' म्हणायला लागले.

अशात अकोल्याला एक निमंत्रितांची स्पर्धा ठरली. सरांची परत जायची वेळ जवळ आली होती, वय सदतीस. संयोजकांनी विचारलं, निरोपाची एक लढत खेळाल का? वजन कुठलंही चालेल. सरांनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी अंगणात काट्यावर चढले, उतरले, वाकले आणि म्हणाले, "पंचावन."

बासष्टचे पंचावन्न, दोन महिन्यांत! मी त्यांना समजावलं की साठात खेळा, कोणी काही म्हणत नाही. ते ऐकेनात. "मले लढाई जिंकाची नाई," ते म्हणाले. "मले एक डाव काट्यावर बरोबर उतराचं हाय. मग मी घरी जातो."

ते दोन महिने आईने कसे काढले ते तिलाच ठाऊक. सर उकडलेली भाजी आणि मोजून भात खात. शेवटच्या आठवड्यात तेही थांबत आलं, शेवटच्या दिवशी पाणीसुद्धा घोटभर. गालफडं बसली, डोळे मोठे दिसायला लागले. आईला भाकर गोड लागेना. "घरात मानूस उपाशी अन् आपन चुलीपाशी," म्हणून ती पदर तोंडाला लावायची. बाबांनी तिला दम भरला होता की सरांच्या ताटाकडे फिरकायचं नाही. तिनेही मनावर दगड ठेवला होता.

वजनाच्या दिवशी सकाळी अंगणातल्या काट्याने बरोब्बर पंचावन्न दाखवले. सर वाकले आणि मुद्दाम जरा जास्तच वेळ वाकलेले राहिले. बाबा, मी आणि सर एसटीसाठी निघालो. उंबरठ्यावर आई उभी होती. शुभ कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर ठेवायची हे तिच्या रक्तातलंच. माझ्या प्रत्येक पेपराला तिने ठेवलं, बाबांनी पंप आणला तेव्हा ठेवलं. पण इतर लोक चमचाभर ठेवतात. माझ्या आईने दोन महिन्यांची साठलेली माया वाटीत ओतली होती. वाटी मोठी, वर साखरेचा ढीग. तिच्या दृष्टीने ते जेवण नव्हतंच, तो तर शकुन होता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात सरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग एकदा काट्याकडे पाहिलं. त्यांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली, शेवटच्या थेंबापर्यंत संपवली, तिला वाकून नमस्कार केला आणि चालायला लागले.

अकोल्याच्या एसटीत दर्यापूर येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही, इतकी चिडले होते. शेवटी विचारलंच, "काहून खाल्लं सर? तुम्हाला माहीत होतं ना?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "त्या दिवशी माह्या आईनं डबा बांधला होता," ते म्हणाले. "मी म्हटलं नाई, वजन हाय. डबा दारातच ठेवून गेलो. तरी बी काट्यावर चुकलोच. पट्टा बी गेला, डबा बी गेला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दीडशे-दोनशे ग्राम उतरवता येते. आईचं तोंड उतरलं तर मी काय करू?"

अकोल्याच्या काट्याने पंचावन्न किलो दीडशे ग्राम दाखवले. पंच म्हणाले, एक तास आहे. आणि बाबांचा बांध फुटला. "काटा खोटा हाय तुमचा!" असं म्हणत त्यांनी पिशवीतून लोखंडी वजन काढलं आणि काट्यावर आदळलं. आकडा आला: एक किलो, शून्य ग्राम. बाबांनी वजन उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा एक किलो. ते माझ्याकडे वळले, चेहरा पार पडलेला. "जिंदगीत पयल्यांदा खरा काटा पायला," ते म्हणाले, "अन् तोबी आपल्याच इरोधात!"

सरांनी दोन स्वेटर आणि वर प्लास्टिकचा रेनकोट चढवला आणि अकोल्याच्या एप्रिलातल्या उन्हात पळायला सुटले. मी मागे, माझ्यामागे बाबा, डोक्यावर दुपट्टा बांधून, पायजम्याची नाडी सावरत. रसवंतीवाले ओरडत होते, "अबे, चोर कोन हाय याच्यात?" अकोल्याच्या उन्हाला सगळे नावं ठेवतात, पण त्या दिवशी मी त्याला मनातून दुवा दिला. चाळीस मिनिटांनी सर परत काट्यावर चढले. पन्नास ग्राम जास्त. अंगावर पिळायला घाम उरला नव्हता. थुंकायला थुंकी नव्हती. उरली होती वीस मिनिटं.

बाबांची नजर सरांच्या डोक्यावर गेली. वलगावात आल्यापासून सरांनी केस वाढवले होते, खांद्यापर्यंत, मागे त्यांची गाठ. बाबांनी त्यांचा हात धरला आणि रस्त्यापलीकडे झाडाखाली खुर्ची टाकून बसलेल्या न्हाव्यापुढे त्यांना नेऊन बसवलं. "सगळे काढ. लवकर काढ." न्हाव्याने सुतकी चेहरा करून वस्तरा चालवला. मिशी ठेवू का, असंही त्याने हळूच विचारलं, तर सरांना मिशीच नव्हती. तुळतुळीत डोकं घेऊन सर धावत काट्यावर चढले. आकडा थोडा मागेपुढे झाला आणि थांबला. पंचावन्न.

सर खाली उतरले आणि काट्याला वाकले. शेजारी बाबाही वाकले. काट्याला वाकलेले बाबा मी त्याआधी पाहिले नव्हते, त्यानंतरही नाही.

लढत दुसऱ्या दिवशी. दुपारी आई रोडग्यांचा मोठा डबा घेऊन एसटीने आली आणि मैदानाच्या फाटकाशी सरांचं डोकं बघून तिने हंबरडाच फोडला. आमच्याकडे बाप्या माणसाने अचानक डोकं भादरलं म्हणजे घरात कोणीतरी गेलं. "कोन गेलं व माय? सरांचे बाबा गेले काय?" मी गडबडून खरं सांगून बसले, की कोणी गेलं नाही, तुझ्या दह्याचं वजन गेलं. सांगायला नको होतं. तिचा चेहरा आठवला की आजही मला स्वतःची लाज वाटते. ती डबा मांडीवर घेऊन मातीतच बसली.

लढतीत समोर पंधरा वर्षांनी लहान, लांब हातांचा मुलगा होता. तीन फेऱ्या सर त्या चमकत्या डोक्याने त्याच्या हातांखालून जात राहिले, आणि डाव्या लाथेचा आवाज मागच्या ओळीपर्यंत ऐकू येत होता. गुणांवर ते हरले. खाली उतरले तेव्हा एक डोळा सुजून बंद होता आणि तोंडभर हसू. "हरलो," ते मला म्हणाले. "पन काट्यावर नाई." मग आईसमोर बसून त्यांनी एका बैठकीत पाच रोडगे खाल्ले. ती वाढत होती, पण मान वर करत नव्हती.

त्या दिवसापासून आईने कोणाच्याही हातावर दही ठेवणं बंद केलं. माझ्या शेवटच्या वर्षाच्या पेपरांनाही नाही. "माह्या हाताले दोष हाय," एवढंच म्हणायची. सर समजावायचे, बाबा हसण्यावारी न्यायचे, पण ती बधली नाही.

आता मी अकोल्याला शाळेत खेळ शिकवते. मुलींना वजनाला नेते तेव्हा आधी काट्याला वाकायला लावते. त्या खिदळतात, पण वाकतात.

सर जपानला परत गेले ती सकाळ मला लख्ख आठवते. दारात रिक्षा उभी होती, बाबांनी बॅग त्यात ठेवली होती. बॅगेत पापड, कुरड्या आणि ते एक किलोचं लोखंडी वजन, बाबांनी आग्रहाने दिलेलं. सरांचे केस बोटभर वाढले होते. आई स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. भांड्यांचा उगाच आवाज करत राहिली. रिक्षावाल्याने दोनदा भोंगा वाजवला. सर उंबरठ्यावर उभे होते. चपला घातल्या नव्हत्या. त्यांनी उजवा तळहात पुढे धरला होता आणि ते तसेच उभे राहिले. मी आत जाऊन आईला सांगितलं. ती चमच्यावर जेमतेम दही घेऊन आली. सरांनी चमच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"आई," ते म्हणाले, "आज काटा नाई. मोठी वाटी आना."