ई-क्लासचा ठराव

मी माझ्या पोराच्या थोबाडीत मारली, तेव्हा त्याचं वय पस्तीस होतं आणि हातात जेवणाचं ताट होतं. ताट अंगणात जाऊन पडलं, वरण भिंतीवर उडालं. चूक त्याची नव्हती. सुनेची आहे असं मला वाटत होतं. पण सुनेवर हात उचलायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून पोराला मारलं. गाल चोळत त्यानं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.

हे सारं सुनेच्या कॉलेजच्या पुस्तकापायी झालं.

सून अकोल्याची, बारावी झालेली. दोन लेकरं झाल्यावर तिनं अमरावतीच्या एका कॉलेजात बी.ए.चं पहिलं वर्ष धरलं. आठवड्यातून तीन दिवस चांदूर बाजारहून एसटीनं जायची. मी चौथी नापास. मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, म्हणून घरात कोणी मला विचारलं नाही. तिचा एक विषय होता राज्य शासन आणि स्थानिक शासन. भाकरी थापता थापता ती मोठ्यानं पाठ करायची. विधानसभा, मंत्रिमंडळ, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत. मी ओसरीवर बसून हसायचो. ग्रामपंचायत काय असते हे पुस्तकानं मला सांगावं? दहा वर्षं मी पंच होतो. पहिल्यांदा निवडून आलो त्या दिवशी माझ्या डोक्यात चार टाके होते आणि पडलेल्या उमेदवाराच्या सात.

सून माझ्याशी थेट बोलत नसे. डोक्यावर पदर, मान खाली, आणि बोलणं सगळं सासूमार्फत, मी समोर बसलेलो असलो तरी. त्या दिवशीही तसंच विचारलं.

"आत्याबाई, मामाजीले विचारा, ई-क्लासच्या ठरावाले त्याइनं अनुमोदन काहून देलं?"

तिच्या सरांनी सगळ्यांना काम दिलं होतं. आपापल्या गावच्या ग्रामसभेचं रजिस्टर पाहायचं, त्यातला एक ठराव उतरवून घ्यायचा आणि तो कसा पास झाला ते लिहायचं. ती ग्रामपंचायतीत जाऊन मोबाइलवर फोटो काढून आली होती. ई-क्लास म्हणजे ढोरं चरायला सोडलेली सरकारी जमीन. आमची नाल्याच्या काठानं आहे. त्या सगळ्या जमिनीवर गिट्टीची खदान काढायला ग्रामसभेची हरकत नाही, असा तो ठराव होता.

"म्या देलं नाही," मी बायकोला सांगितलं.

सुनेनं मोबाइल जमिनीवर ठेवून माझ्याकडे सरकवला. "त्याइले म्हना, नीट पाहा. सहीखाली दोन टिंबं बी हायेत."

सही माझीच होती. तेवढ्यात पोरगा ताट घेऊन जेवायला आला.

या जमिनीसाठी मी रक्त सांडलेलं आहे. तिशीत होतो तेव्हा एका मोठ्या कास्तकारानं तिच्यात वखर घातला. आम्ही चौघं गेलो. त्याच्याच वखराच्या जुवातली लाकडी शिवळ उपसून मी त्याच्या नडगीवर घातली. हाड बाहेर आलं. त्याच्या सालदारानं मला विळा मारला, तो कानापासून जबड्यापर्यंत उतरला. दाढी करताना वस्तरा अजून तिथं अडकतो. गावात कुठंही बसलो तरी ही गोष्ट मी सांगायचो. आणि आता त्याच जमिनीच्या ठरावावर अनुमोदक म्हणून मी!

ते कसं झालं हे मला लगेच कळलं होतं, पण मी कोणाला सांगितलं नाही. पंच होतो तेव्हापासून सचिव रजिस्टर घेऊन शेताच्या धुऱ्यावर, थेट बांधावर यायचा. "आबाजी, मान तुमचा पहिला," म्हणायचा आणि कोरं पान उघडायचा. सभा झालेली नसायची. सह्या आधी गोळा व्हायच्या, मजकूर नंतर लिहिला जायचा. मला सही करायला फार आवडायचं. ती शिकायला मी एक आख्खा उन्हाळा घालवला होता. पंचपद गेलं तरी सचिव येत राहिला आणि मी करत राहिलो. तो मला विचारतो याचाच मला अभिमान होता.

बायको म्हणाली, "सभेत उभे राहा अन् सांगून द्या खरं काय ते. ठराव रद्द होते म्हनते सूनबाई."

"साऱ्या गावापुढं सांगू का मी बिनडोक हाय म्हनून?"

"मंग राहू द्या. जाऊ द्या जमीन."

मी जाऊ दिलीच असती. पण खदानवाल्यानं पहिला सुरुंग लावला त्या दिवशी मी नाल्यावर होतो. गवळ्याच्या बाईची गाभण कालवड पन्नास पावलांवर चरत होती. पायलीएवढा दगड वरून आला आणि तिच्या कपाळाची दोन शकलं झाली. ती लगेच मेली नाही. पाय झाडत राहिली. खदानीवरची पोरं लांबून व्हिडिओ काढत होती. गवळ्याच्या बाईनं मला पाहिलं आणि म्हणाली, "आबाजी, तुमी होते म्हनून हे जमीन वाचली होती." तिला ठराव माहीत नव्हता. मी तिथून घरी आलो आणि बायकोला सांगितलं, पंधरा ऑगस्टला उभा राहतो.

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या वऱ्हांड्यात सभा बसली. सरपंच माझ्या चुलतभावाचा नातू. खदानीवर त्याच्या साळ्याचे टिप्पर चालतात. मी काठी टेकवून उभा राहिलो.

"ई-क्लासच्या ठरावावर सही माई हाय. पन केली तवा पान कोरं होतं."

सरपंच गालात हसला. "आबाजी, कोऱ्या पानावर कोनी सही करते काय? चष्मा घरी राह्यला होता का?"

सगळे हसले.

"दहा वर्सं पंच होते तुमी," तो म्हणाला. "दहा वर्सं काय करून राह्यले होते मंग?"

"हेच," मी म्हणालो. "कोऱ्या पानावर सह्या."

मग हसणं थांबलं. अर्ध्या गावानं तेच केलं होतं. मागून एक म्हातारी ओरडली, "माया आंगठाबी असाच नेला, घरकुलाचं हाय म्हने!" दुसरा उठला, तिसरा उठला. त्या गलक्यात सून बायकांमधून उभी राहिली. हातात तिची वही. "ठराव रद्द कराले टाका. हात वर करून मोजा," ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा इतका मोठा ऐकला. लोक धरूनच बसले, तेव्हा सरपंच सचिवाला म्हणाला, "मोज रे बाबा." हात वर होऊ लागले.

तेवढ्यात सरपंचाचा साळा पुढं आला. "पुस्तक घरी वाच ना वो! सासऱ्याले गावात नाचवून राह्यली," म्हणत त्यानं तिच्या हातातली वही ओढली. पदर ओढला गेला, पदरात कानातलं अडकलं होतं, कानाची पाळी फाटली. रक्त खांद्यावर उतरलं.

मी काठी फिरवली. ती त्याच्या गळ्याजवळच्या हाडावर बसली आणि तुराटी मोडावी तसा आवाज झाला. मग काही कोणाच्या हातात राहिलं नाही. खुर्च्या उडाल्या. कोणी झेंड्याच्या चबुतऱ्याच्या विटा उपसल्या. मला खाली पाडून तिघं लाथा घालत होते. माझा पोरगा खुर्चीचा पाय घेऊन आला आणि समोर येईल त्याला हाणत सुटला. डोळ्यांत माती गेली होती, पण सरपंचाचा आवाज मला ऐकू आला. "सभा तहकूब! लिहा, सभा तहकूब!"

माझ्या दोन फासळ्या मोडल्या. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात सून कानाला पट्टी लावून माझ्या खाटेजवळ आली. बायको तिथंच होती. तरी ती सरळ माझ्याशीच बोलली.

"मामाजी, हात मोजाले घेतले होते त्याइनं. दोन मिनिटं थांबले असते तं झालं असतं."

"तुया कानातून रगत निंगून राह्यलं होतं."

"कान माहा होता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती लेकरं घेऊन अकोल्याला माहेरी निघून गेली.

तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली गेली, तेव्हा मी अडलो. ठराव कसा मांडायचा, सरपंच टाळू लागला तर काय म्हणायचं, हे तिच्याशिवाय कोणाला येत नव्हतं. पोरगा म्हणाला, "मी जातो आनाले." मी म्हटलं, नाही, मी जातो. सुनेला आणायला नवरा जातो, सासरा जात नाही. तरी गेलो. फासळ्यांना पट्टा बांधून अकोल्यापर्यंत एसटीत उभा. जागा देणाऱ्याला मी नको म्हटलं होतं.

व्याह्यानं चहा दिला, पण बसा म्हटलं नाही. सून दारात उभी.

"चाल," मी म्हणालो.

"काठी घरी ठेवान?"

"ठेवतो."

"कोनी शिव्या देल्या, आंगावर धावून आलं, तरी सभा संपेपर्यंत हात उचलाचा नाही. नाही तं मी येत नाही. ते वाटच पाहून राह्यले तुमी कवा मारता त्याची."

मी अर्धा तास त्या अंगणात उभा होतो. नंतर हो म्हणालो.

येताना एसटीत तिनं मला तो धडा शिकवला. तेव्हा सासू मध्ये नव्हती आणि पदरही खांद्यावर आला होता. मूर्तिजापूर येईपर्यंत राज्य शासन संपलं. बडनेऱ्यापर्यंत जिल्हा परिषद आणि पंचायत समिती. ग्रामसभेवर ती थांबली आणि माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. चुकलो की "पुन्हा" म्हणायची. आयुष्यात मला कोणी पुन्हा म्हटलेलं मी ऐकून घेतलं नव्हतं.

सभेला साळा माझ्या मागच्या रांगेत येऊन बसला, एक हात गळ्यात बांधलेला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. सुनेनं मागच्या सभेचं इतिवृत्त सचिवाला वाचून दाखवायला लावलं. मी ठराव मांडला, शिकवला तसा, एक शब्द न चुकता.

साळा माझ्या कानाशी वाकला. "बुढ्या, सून शिकवते अन् तू बोलते. बांगड्या भर आता." मी बसून राहिलो. त्यानं माझी टोपी उडवली. ती समोरच्या बाईच्या मांडीवर पडली. मी बसून राहिलो. मग त्यानं त्या धड हातानं माझ्या मानेवर चापट मारली, फाटकन, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. दाताखाली जीभ सापडली, तोंडात रक्त आलं. सून मागं वळून माझ्याकडे बघत होती. रक्त मी गिळलं. अख्खी सभा ते पाहत होती, आणि मला वाटतं, जे हात एरवी वर गेले नसते तेही त्या चापटीनं गेले. गवळ्याच्या बाईनं तर दोन्ही वर केले. सचिवाला तिला सांगावं लागलं, एकच धर.

खदानीचा ठराव रद्द झाला. सुनेनं तो तिथंच लिहून घेतला, मोठ्यानं वाचायला लावला, आणि मग सह्या झाल्या. सरपंच म्हणाला, "सभा संपली."

मी टोपी घेतली, झटकली, डोक्यावर घातली. दाराशी साळ्याला गाठलं आणि मूठ आवळून त्याच्या तोंडावर दिली. त्याचे पुढचे दोन दात शाळेच्या पायरीवर पडले.

सुनेनं तेही तिच्या वहीत लिहिलं, सभा संपल्यानंतर असं स्पष्ट लिहून. चांदूर बाजारला केस चालू आहे. तारखेला मी एकटा जातो. वकील म्हणतो, माफी मागा, मिटून जाईल. मी मागत नाही. खदानवाल्यानं नाल्यावरचा गिट्टी फोडायचा क्रशर उचलून नेला आहे, आणि सुरुंगाच्या खड्ड्यात पाणी साचलं आहे, त्यावर गावची ढोरं येतात.