बिगुलराचा वरचा दात

आमच्या पलटणीला डोंगरात जायचा हुकूम आला, त्याच्या आधी दीड वर्ष आम्ही मैदानातल्या छावणीत होतो. मी तिथं बिगुलर होतो. हुद्दा लान्स नायक, गाव तेर, जिल्हा उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. भरती झालो तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या घरात माझ्या आधी कोणी फौजेत गेलं नव्हतं आणि बिगूल तर मी ट्रेनिंग सेंटरमध्येच पहिल्यांदा पाहिला.

बिगुलाला भोकं नसतात, कळा नसतात. पितळेची एक वळवलेली नळी, एवढंच. तिच्यातून पाच सूर निघतात आणि पाचही ओठांनी काढायचे असतात. ओठ जितके ताणाल तितका सूर वर चढतो. पलटणीचा दिवस त्या पाच सुरांवर चालतो. सकाळी साडेपाचला रेव्हेली, सूर्यास्ताला रिट्रीट. मधे जेवण, परेड, गार्ड, प्रत्येकाची वेगळी कॉल. जवान मेला तर लास्ट पोस्ट.

माझ्या हाताखाली दुसरा बिगुलर होता शिपाई हुसेन, उमरग्याचा. त्याचे वडील महबूबचाचा उमरग्याला हैदराबाद रस्त्यावर शिलाईचं दुकान चालवायचे. हुसेनला बिगूल मी शिकवला. पलटणीत बहुतेक पोरं साताऱ्याकडची. आम्ही दोघं बोलायला लागलो की ती हसायची, कारण आमच्या बोलण्यात मराठी किती आणि दखनी किती, हे त्यांना उमगत नसे. आमची जोडी जमली ती तिथूनच.

एकदा ट्रकमधून उडी मारताना गळ्यातला बिगूल उसळला आणि त्याची कड माझ्या वरच्या पुढच्या दातावर बसली. दात हलला, रक्त आलं, चार दिवसांत सगळं थांबलं. पुढं वर्षभरात तो दात हळूहळू करडा पडत गेला. दुखत मात्र नव्हता. वार्षिक तपासणीत डेंटल ऑफिसर कॅप्टनसाहेबांनी त्याच्यावर लोखंडी काडीनं टकटक केलं आणि सांगितलं की आतली नस मेली आहे. वरून लहान भोक पाडून ती काढायची, पोकळी साफ करायची आणि भरून टाकायची. त्याला ते रूट कॅनल म्हणाले. चार बैठका लागणार होत्या. माझी रजा आठ दिवसांवर आली होती. मी म्हणालो, रजेवरून आल्यावर करू. त्यांनी कागदावर तसं लिहिलं.

रजेत हुसेनच्या बहिणीचं लग्न होतं. मी तेरहून एसटीनं उस्मानाबाद, तिथून गाडी बदलून तुळजापूर, नळदुर्ग करत उमरग्याला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा वरचा ओठ नाकापर्यंत सुजला होता. पाणीसुद्धा पिता येईना. हुसेन मला बाजारातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर वयस्कर होते, सगळ्याच आजारांवर औषध द्यायचे आणि दातही काढायचे. माणूस सरळ होता. त्यांनी मला दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. एक, पेनिसिलीनची सुई घ्यायची, सूज उतरू द्यायची आणि मग सोलापूरला जायचं. तिथं दातांचे एक डॉक्टर नस काढून दात भरून देतात. चार-पाच खेपा होतील. दुसरी वाट, दोन दिवसांनी दात उपटून टाकायचा.

माझी नऊ दिवसांची रजा उरली होती. हुसेन म्हणाला, तार करून रजा वाढवून माग. मला त्याची लाज वाटली. एका दातासाठी रजा वाढवून मागणारा लान्स नायक, असं सगळी पलटण म्हणेल, हे डोक्यात बसलं. शिवाय माझी समजूत अशी की बिगूल ओठांनी वाजतो, दाताचा त्यात काय संबंध.

सुई त्याच दिवशी घेतली होती, लग्न उरकेपर्यंत सूज उतरली. दवाखान्याच्या पायरीवर हुसेननं मला अडवलं.

"ओठानं फुंकतोस, कबूल," तो म्हणाला. "पण ओठ टेकतो कशावर?"

मी म्हणालो, उरलेले दात आहेत की.

"हा दात तुझ्या एकट्याचा न्हाय. पलटणीचा हाय."

मी हसलो आणि आत गेलो. दात काढायला दहा मिनिटंही लागली नाहीत. डॉक्टरांनी तो कापसात गुंडाळून माझ्या हातात दिला.

छावणीत परतल्यावर जखम भरेपर्यंत हुसेननं वाजवलं. तीन आठवड्यांनी मी बिगूल तोंडाला लावला. खालचा सूर आला, दुसरा आला. तिसऱ्याला ओठ त्या फटीत आत गेला आणि नुसती हवा सुटली. मी दुपारभर फुंकत राहिलो. सुभेदार मेजरसाहेबांनी लांबून ऐकलं, जवळ आले आणि बिगूल माझ्या हातातून घेऊन हुसेनच्या हातात दिला. त्या संध्याकाळची रिट्रीट त्यानं वाजवली आणि नंतरच्या सगळ्या त्यानंच.

तो कापसातला दात घेऊन मी कॅप्टनसाहेबांकडे गेलो. मला रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं की थांबला का नाहीस. मी कापूस उलगडून दात त्यांच्यापुढं धरला. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: त्या दाताच्या आत होतं तरी काय? साहेबांना माझा प्रश्न आवडला असावा. त्यांनी दात यंत्रावर धरून उभा घासत नेला आणि अर्धा झाल्यावर माझ्यापुढं ठेवला. मधोमध टोकापर्यंत गेलेली एक बारीक वाट होती. शिलाईचा जाड दोरा जाईल एवढी. आत थोडं काळं साचलं होतं. बाकी सगळा दात पांढरा, कडक, शाबूत. साहेबांनी त्या वाटेत एक बारीक सुई घालून दाखवली. एवढं साफ करायचं होतं, ते म्हणाले.

मी किती तरी वेळ ते बघत राहिलो. त्या दोऱ्याएवढ्या घाणीसाठी मी सगळा दात टाकून आलो होतो.

साहेबांनी मला प्लेटवर बसवलेला खोटा दात करून दिला. त्यानं जेवण होत होतं, बोलणं सुधारलं. पण बिगुलाचा दाब पडला की प्लेट हलायची. मग मी प्लेट काढून वाजवून बघायला लागलो. तोंड थोडं डावीकडं सरकवलं तर सूर येतात का, मान खाली घातली तर काय होतं, ओठ ओला असताना आणि कोरडा असताना काय फरक पडतो. खेचरांच्या तबेल्यामागं दुपारी अर्धा तास मी हाच उद्योग करायचो. हुसेन कधी कधी समोर बसून ऐकायचा आणि कुठला सूर फुटला ते सांगायचा. दात काढला म्हणून त्यानं मला एकदाही बोल लावला नाही. चार महिन्यांनी डाव्या बाजूनं चार सूर साफ यायला लागले. पाचवा, सगळ्यात वरचा, आला नाही.

त्यानंतर पलटण डोंगरात गेली. हुसेन आमच्या कंपनीचा बिगुलर झाला. मला स्ट्रेचर बेअरर केलं, म्हणजे जखमींना उचलून आणायचं काम.

आमच्या कंपनीकडं खेचरांची वाट रुंद करायचं काम आलं. खडकात सुरुंग लावायचे, दगड फुटले की पहारी घेऊन ते बाजूला करायचे. हत्यारांच्या आवाजात माणसाची हाक ऐकू येत नसे, म्हणून बिगुलर समोरच्या उंचवट्यावर उभा राहायचा. मधे नाला. तिथून कामाची जागा आणि वरचा सगळा उतार दिसायचा. सुरुंगाआधी एक कॉल, नंतर मोकळं झाल्याची एक कॉल. धोका दिसला तर अलार्म. ही जागा बिगुलराची.

त्या दिवशी मी दीड मैल खाली एम.आय. रूमच्या, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याच्या तंबूत होतो. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वरून अलार्म ऐकू आला. मी बाहेर आलो. सूर हुसेनचा होता, जरा घाईचा, तो नेहमीच घाई करायचा. कॉल पूर्ण झाली. दुसऱ्यांदा सुरू झाली, तीही पूर्ण झाली. तिसरी मधेच थांबली. मग डोंगर कोसळल्याचा आवाज आला.

फील्ड टेलिफोन वाजला. मी उचलला.

"स्लाइड आया है. स्ट्रेचर भेजो. एक आदमी नीचे है."

"कौन?"

"बिगुलर."

वर पोचल्यावर काय झालं होतं ते कळलं. कामावर अकरा जवान होते. सुरुंगानंतर वरचा उतार फाटत असलेला हुसेनला आधी दिसला. पहिल्या अलार्मला नऊ जण पलीकडच्या खडकाआड पळाले. दोघं टोकाला घण मारत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा वाजल्यावर एकानं मान वर केली. तिसरी चालू असताना दोघंही पळाले. उतार आला तो वाटेवर थांबला नाही, नाल्यात उतरून समोरच्या उंचवट्यावर चढला. हुसेनला मागं सरायला पुरेसा वेळ होता, असं अकराही जणांनी सांगितलं. तो पहिल्या कॉलनंतर गेला असता तरी कोणी त्याला बोल लावला नसता.

आम्ही पहारींनी आणि हातांनी उकरत होतो. चार वाजून पस्तीस मिनिटांनी तो सापडला. बिगूल चेपून सपाट झाला होता. त्याला स्ट्रेचरवर मी आणि त्या दोघांपैकी एकानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दफन ठरलं. शेजारच्या पलटणीचे मौलवीसाहेब आले. जमीन दगडाची, कबर खणायला रात्रपाळीच्या गार्डपासून सगळे लागले. बाकीच्या कंपन्यांचे बिगुलर दोन दिवसांच्या वाटेवर होते. बिगुलाशिवाय शिपायाला माती देणं सुभेदार मेजरसाहेबांना पटेना. मी स्टोअरमधला दुसरा बिगूल मागितला.

"सुर लगेगा?" त्यांनी विचारलं.

"चार लगेंगे, साब."

"पाँचवाँ?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी बिगूल आणायला माणूस पाठवला.

"बजाओ."

मी प्लेट काढून खिशात ठेवली. बिगूल डाव्या बाजूला लावला. लास्ट पोस्टमध्ये वरचा सूर पुन्हा पुन्हा येतो. जिथं जिथं तो यायला हवा होता, तिथं तिथं बिगुलातून फक्त माझा श्वास गेला. मी कॉल तोडली नाही. जेवढा वेळ तो सूर टिकायला हवा, तेवढा वेळ फुंकत राहिलो आणि पुढच्या सुरावर आलो.  संपल्यावर ओठ फाटला होता.

माझा दात जागेवर असता तर त्या उंचवट्यावर मी असतो. हे गणित सोपं आहे आणि मी ते पुष्कळदा केलं आहे. पण मी असतो तर तिसऱ्यांदा वाजवलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला आजही विचारतो.

तीन महिन्यांनी रजा मिळाली. मी आधी तेरला न जाता थेट उमरग्याला गेलो. महबूबचाचा मशीनवर बसले होते. तार, साहेबांचं पत्र, सगळं त्यांना पोचलं होतं. त्यांनी मला शेजारी बसवलं, चहा मागवला. चहा आला. मग त्यांनी विचारलं की माती देताना बिगूल वाजवतात म्हणे, तो कोणी वाजवला.

"म्या वाजवला, चाचा."

"नीट वाजला का?"

"एक सूर आला न्हाय."

चाचांनी मान हलवली. डोंगरात जाण्याआधीच्या रजेत हुसेननं त्यांना दाताची आणि न येणाऱ्या पाचव्या सुराची सगळी हकिकत सांगितली होती.

"मग त्याला कळलं असंल तूच हायस म्हणून," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडून त्या अकरा जणांची नावं विचारून घेतली. कापड बेतायचा खाकी कागद पुढं ओढला आणि मला लिहायला लावलं. नावापुढं गाव. गावापुढं घरात कोण कोण आहे. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कोण कुठल्या ओळीवर आहे ते त्यांनी बोटानं लक्षात ठेवलं. सात जणांचं मला सांगता आलं. चौघांच्या घरचं मला काहीच ठाऊक नव्हतं. चाचा म्हणाले, विचारून ये.

पलटणीत परत गेल्यावर मी चौघांनाही विचारलं. त्यातला एक, टोकाला घण मारणारा, कोरेगावकडचा होता. त्याची बायको तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेली होती. पुढच्या रजेत मी उमरग्याला उतरलो आणि चाचांना तिघांच्या घरची माणसं सांगितली. चौथ्याला मुलगी झाली, हे सांगितलं.

चाचांनी तो कागद काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. मग मशीनवरचं गिऱ्हाइकाचं काम बाजूला केलं, फडताळातून पिवळ्या कापडाचा तुकडा घेतला आणि तिच्यासाठी झबलं बेतायला बसले.