न फिरवलेला स्क्रू

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. शाळेत विज्ञान शिकवायचे मी. चकव्याच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. तरीही आज हे लिहायला बसले... वाचून कुणाला काही सुचलं तर सांगा, मी ऐकून घेईन.

१९८६ चा जानेवारी, धूमकेतूचा. आमचं घर रत्नागिरीत मिऱ्याला, अंगणातून पश्चिमेला मोकळा समुद्र. धूमकेतूचा फोटो घ्यायचा तर कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकायला हवा, नाहीतर ताऱ्यांच्या नुसत्या रेघा उमटतात. परदेशी यंत्र आम्हाला कुठलं परवडायला! माझे मिस्टर ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचे. ह्यांनी फणसाच्या दोन फळ्या दाराच्या बिजागरीने जोडल्या, बिजागरी ध्रुवाच्या रोखाने ठेवली आणि खालून एक लांब स्क्रू बसवला. मिनिटाला एक फेरा दिला की वरची फळी हळूहळू उघडायची आणि तिच्यावरचा कॅमेरा आभाळाच्या चालीने सरकायचा. माझ्या हातून हमखास गडबड व्हायची.

"तुजा हात घाई करतो. हो बाजूला," म्हणून हे बसायचे आणि घड्याळ न बघता फिरवत राहायचे. तारे मोहरीसारखे गोल यायचे.

मग एका खेपेला ह्यांचा ट्रॉलर परतलाच नाही. बाकीच्या बोटी आल्या. मी धक्क्यावर दिसेल त्याला विचारत सुटले. नवससुद्धा बोलले — मी! संध्याकाळी अंगणात कॅमेरा लावायचे, कारण नुसतं बसलं की जीव घाबरा व्हायचा.

त्या दिवशी अंधार पडल्यावर शटर उघडलं, स्क्रूला हात लावणार तोच बंदरावरची माणसं दारात आली. मी तशीच आत गेले. आमच्या ट्रॉलरच्या रंगाचं फुटकं फळकूट सापडलं होतं. आता बांगड्या उतरवायला हव्यात, असं त्यांनी आडून आडून सांगितलं. मी भांडले, रडले, शेवटी त्यांच्या पाया पडले. सासूबाई माझा हात गच्च धरून होत्या. घरचं तिसरं कुणी नव्हतं. माणसं गेल्यावर बाहेर येऊन शटर बंद केलं, तेव्हा फळी उघडलेली दिसली. म्हटलं, रडून रडून भास होत असेल.

रोल धुऊन आला... रेघा असायला हव्या होत्या. तारे मोहरीसारखे गोल! कोपऱ्यातला आमचा माड तेवढा फिसकटलेला — कॅमेरा सरकला तरच असं होतं. वारा फळी हलवेल, पण स्क्रू कसा फिरवेल, तोही इतका नेमका? शेजारीपाजारी विचारून झालं. अंगणात कुणीच आलं नव्हतं.

सासूबाईंनी फोटो पदराने पुसला आणि दिव्याजवळ धरला.

"ह्यो माज्या पोराचाच हात," त्या म्हणाल्या.

"मग आहेत ना हे?" मी विचारलं. त्यांनी फोटो माझ्या हातात ठेवला आणि दिव्याची वात बारीक केली.

मला आजही तेवढंच कळायला हवं आहे. जिवंत माणूस समुद्रातून इथे येऊन स्क्रू फिरवून न भेटता कसा जाईल? आणि गेलेल्या माणसाने फिरवला असेल, तर या बांगड्या मी अजून कुणासाठी घालते? सासूबाई गेल्या. बिजागरी खाऱ्या हवेने गंजली, ती बदलली. अजून मी कॅमेरा लावते, शटर उघडते आणि स्क्रूला हात न लावता आत जाऊन बसते.

दर वेळी रेघाच येतात.