दुकानाला दुकानं दाखवणारे साडू

जर्मनीत जाऊन तिथला एकही किल्ला, एकही चर्च आणि एकही नदी न पाहता फक्त वाणसामानाची दुकानं पाहणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. लोक परदेशातून घड्याळं आणतात, चॉकलेटं आणतात, निदान बर्फातले फोटो तरी पाठवतात. माझ्या साडूंनी मला पाठवले ते डाळींच्या फळ्यांचे फोटो. त्यातही डाळ दिसेल अशी आशा धरू नये. दिसायची ती फळीच्या मागची धूळ, आणि खाली साडूंचा शेरा: ‘झाडू मारेल नही.’

मुळात ते गेले हेच नवल. माझी थोरली मेहुणी, आमच्या अक्का, नंदुरबारच्या एका दवाखान्यात नर्स. त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर जर्मन भाषेची परीक्षा दिली, पास झाल्या, आणि तिकडच्या एका इस्पितळाने त्यांना सन्मानाने बोलावून घेतलं. अक्का संध्याकाळी दुकानात बसून जर्मन क्रियापदं घोकायच्या तेव्हा शेजारी साडू शेंगदाणे निवडत असायचे. त्या वर्षभराच्या सहवासातून ‘गुटन मॉर्गन’ एवढंच त्यांच्या वाट्याला आलं, आणि तेही ते एकटं सोडत नसत. ‘गुटन मॉर्गन, राम राम’ असं पूर्ण म्हणत. बायको साता समुद्रापलीकडे निघाली म्हणून हा माणूस मागोमाग निघाला खरा, पण त्याचा जीव अडकला होता चौकातल्या किराणा दुकानात. कोरीटसारख्या शेतीच्या गावातून येऊन त्यांनी ते उभं केलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला चिकटलेला, त्याला तांदूळ आणि तांदळाची कणी यांतला फरक कळत नाही. तेव्हा दुकान विकून टाकावं, असं अक्कांचं म्हणणं. भिंतीला भिंत लागून रफिकभाईंची बेकरी. त्यांच्या आजोबांपासूनची. त्यांना भट्टीसाठी जागा अपुरी पडत होती, ते घ्यायला तयार होते. अडलं होतं फक्त साडूंच्या होकारापाशी.

शेवटी नंदुरबार स्टेशनवर, गाडी हलायच्या बेतात असताना, साडूंनी खिडकीतून माझ्या हातात दुकानाची किल्ली ठेवली आणि न्यायमूर्तींच्या थाटात अट घातली. म्हणाले, “साडूभाऊ, मी तठे जाईसन बठ्ठा दुकानं देखसू. मन्ह्या दुकानपेक्षा एक जरी भारी निंघनं, तर रफिकभाईले चाबी दी टाका. नही निंघनं तर मी परत येसू नि शटर उघडसू.”

“आनि मी?” आतून अक्कांचा आवाज आला.

“तू दवाखाना सांभाळ,” साडू म्हणाले, आणि गाडी सुटली.

आता या खटल्यात माझं काय अडलं होतं, तेही सांगायला हवं. मी सकाळच्या शाळेचा मास्तर. दुपारी जेवून झोप काढायची आणि संध्याकाळी साडूंच्या गल्ल्याशेजारी तांदळाच्या पोत्यावर बसून येणाऱ्या जाणाऱ्याला गोष्टी सांगायच्या, हा माझा वर्षानुवर्षांचा धंदा. गावात दुसऱ्या कुठल्या रंगमंचावर मला कोणी चढू दिलेलं नाही. साडू एकीकडे साखर जोखत, दुसरीकडे माझ्या गोष्टीतला ठरलेला हशा ठरलेल्या जागी हसून देत. त्यामुळे जर्मनीत एकही धड दुकान निघू नये, अशी माझी देवाला मनापासून प्रार्थना होती.

प्रार्थना बराच काळ चालली. तिकडे दुकानं उघडायच्या वेळी आपल्याकडे दुपार असते. साडूंची आज्ञा होती की दिवसातून एकदा शटर वर करायचं, उदबत्ती लावायची आणि दुकानाला हवा दाखवायची. मी रिकाम्या दुकानात उरलेल्या एका पोत्यावर बसतो न बसतो तोच व्हिडिओ कॉल यायचा. पडद्यावर साडूंचं अर्धं कपाळ आणि मागे झगझगीत दिवे. पहिला शब्द ठरलेला: “फिरवा, मोबाइल दुकानकडे फिरवा. देखू द्या त्याले.” मग मी फोन हातात उंच धरून रिकाम्या फळ्यांसमोरून, थंड पडलेल्या तराजूसमोरून, भिंतीवरच्या लक्ष्मीच्या तसबिरीसमोरून सावकाश फिरवायचो, आणि साडू आपल्या दुकानाला त्याचे प्रतिस्पर्धी दाखवायचे. लग्नात नवरीला नवऱ्याकडच्या माणसांची ओळख करून देतात ना, अगदी तसे. रफिकभाई हाताला मैदा लागलेला तसेच दाराशी यायचे आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघायचे. “मास्तर, आज क्या निकाल?” मी मान हलवली की उसासा टाकायचे. “जर्मनीमा कितला दुकानं शेतस हो? एकदा मोजी तो लेने दो.”

साडूंनी दुकानांची मूळ नावं कधी घेतली नाहीत. गावाबाहेरच्या अवाढव्य दुकानाचं नाव त्यांनी आमच्या तापीकाठच्या तीर्थावरून ठेवलं ‘प्रकाशा’. कारण काय, तर तिथे लोक पोराबाळांसकट दिवसभरासाठी जातात, दर्शन घेतल्यासारखे सगळीकडे फिरतात आणि नदी पाहून आल्यासारखे परत येतात. या प्रकाशाला साडूंनी पहिल्याच दिवशी नापास केलं. दार आपोआप उघडलं, हा पहिला गुन्हा. “आपोआप दार उघडस म्हनजे कोनले कोनी बलावत नही,” ते म्हणाले. दुसरा गुन्हा त्याहून भयंकर: त्या सबंध दुकानात कोणाला शिंक येत नव्हती. आता नंदुरबारात मिरचीच्या हंगामात सगळं गावच शिंकतं, आणि साडूंच्या दुकानात तर बारमाही. मिरचीचं पोतं, हळद, तंबाखूचा डबा यांच्या मधोमध उभं राहून गिऱ्हाईक दोनदा शिंकलं की साडू म्हणायचे, माल ताजा आहे. तिकडे सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. साडूंनी म्हणे मसाल्यांच्या फळीसमोर उभं राहून बराच वेळ नाक वर करून वाट पाहिली. शेवटी एका म्हाताऱ्या जर्मन गृहस्थाने आस्थेने त्यांना हातरुमाल दिला.

तरीही त्यांचा न्याय आंधळा नव्हता. प्रकाशातली एक गोष्ट त्यांना इतकी आवडली की त्या दिवशी मला घाम फुटला. पैसे द्यायच्या जागी सरकता पट्टा असतो. तिथे एका गिऱ्हाइकाचा माल संपला की दुसऱ्याचा सुरू व्हायच्या आधी मधे एक दांडकं आडवं ठेवतात. “बांध! साडूभाऊ, बांध घालतस!” साडू ओरडलेच. “नि कोनी सरकवत नही!” ज्या माणसाच्या कोरीटच्या शेताचा बांध चुलतभावाने दरवर्षी नांगराच्या एका तासाने, म्हणजे एका रेघेने, सरकवत नेला होता, त्या माणसाच्या डोळ्यांत त्या दांडक्याने पाणी आणलं. पण पुढच्याच क्षणी गल्ल्यावरच्या पोरीने त्यांचं सामान अशा वेगाने फेकलं की ते पिशवीत भरता भरता त्यांची टोपी पडली. निकाल फिरला. “गिऱ्हाईकले हाकली देतस आठे,” असं म्हणून त्यांनी प्रकाशा कायमचं बंद केलं. मी दुकानाच्या लक्ष्मीला दोन उदबत्त्या जास्त लावल्या.

मग आलं ‘खापर’. हे स्वस्तातलं दुकान. आमच्याकडच्या खापर गावच्या बाजारात जसं कोंबडीपासून कुदळीपर्यंत काहीही मिळतं, तसं इथे पावाच्या शेजारी शिडी, शिडीच्या शेजारी बायकांचे बूट. साडू तपासणीला म्हणून अगदी उघडण्याच्या वेळी पोचले, आणि तिथेच फसले. आत शिरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आज पहिलं गिऱ्हाईक आपणच! आता सगळ्या बाजारपेठेला माहीत आहे की पहिलं गिऱ्हाईक बोहनी न करता परतलं तर दुकानाचा दिवस मातीत जातो. साडूंनी स्वतः सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला कधी रिकाम्या हाताने जाऊ दिलं नव्हतं. वेळ पडली तर घासाघीस सोडून दिली होती, पण बोहनी चुकवली नव्हती. मग दुसऱ्याची कशी चुकवतील? समोर जे होतं ते त्यांनी उचललं, गल्ल्यावर हात जोडले, ‘गुटन मॉर्गन, राम राम, बोहनी’ असं म्हणून पैसे दिले आणि वस्तू घरी आणली. ती रबरी होडी निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी, पुन्हा पहिलं गिऱ्हाईक. बर्फावर घसरायची पाटलोण. तिसऱ्या खेपेला झाडांची पानं गोळा करायचा पंखा. उशिरा जा म्हटलं, तर म्हणाले, “उघडानी टाइमलेच दुकाननी नियत समजस.” अक्कांनी माझ्या बायकोला फोन करून सांगितलं, “तुझ्या नवऱ्याला म्हणावं, यांना नादी लावू नको. इथे होडीत झोपायची वेळ आलीय.” मी नादी लावत नव्हतो. मी एवढंच म्हणायचो की साडूभाऊ, घाई करू नका, न्याय पूर्ण झाला पाहिजे.

राहिलं होतं एक किरकोळ दुकान, त्यांच्याच घराच्या कोपऱ्यावरचं. त्याला साडूंनी नावसुद्धा दिलं नव्हतं. आपल्या दुकानाला ते दाखवण्याच्या लायकीचंही नाही, असं त्यांचं मत. रोजचं दूध तेवढं तिथून आणायचे. त्या दुधापाशीच घोटाळा झाला. दुधाचे नवे पुडे पुढे आणि जुने मागे लावलेले त्यांना दिसले. अशा वेळी किराणा दुकानदाराचे हात त्याच्या ताब्यात राहत नाहीत. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि गुपचूप जुना माल पुढे घेतला, नवा मागे सारला. दुसऱ्या दिवशी दही. मग लोणी, मग बिस्किटं. पुढे पुढे तर डब्यांची तोंडं एका रेषेत वळवणं, पडलेली पाटी उभी करणं, फळीवरची धूळ बाहीने पुसणं, असा त्यांचा सकाळचा नित्यनेमच झाला. हे सगळं मला एकदा कॉलवर सांगत असतानाच कोणीतरी त्यांचा हात धरला. आम्हाला दिसला एक दणकट, पांढऱ्या केसांच्या बाईचा चेहरा, आणि मग फोन कांद्यांत पडला. मी आणि रफिकभाई बराच वेळ नुसते जर्मन कांदे पाहत होतो. वरून बाईचा करडा आवाज येत होता, आणि मधून मधून साडूंचं केविलवाणं ‘गुटन मॉर्गन.’

“पोलिस बलाई ऱ्हायनी,” रफिकभाई हळूच म्हणाले. त्या क्षणी जागेचा विचार त्यांच्या डोक्यात नव्हता. “मास्तर, भाई साहब को बोलो, चुपचाप घर वापस आव.”

पुढे कॉल नाही. मी रोज शटर वर करून बसायचो, रफिकभाई खारी आणून द्यायचे आणि दोघं फोनकडे बघत खायचो. मग एका दुपारी फोन वाजला. पडद्यावर आज अर्धं कपाळ नव्हतं, पूर्ण साडू होते. दाढी केलेली. अंगात हिरवा एप्रन.

झालं होतं असं की त्या मालकीणबाईंना रोज सकाळी फळ्या आवरलेल्या दिसत, आणि हे कोण करतं ते कामगारांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चोर पकडला. अक्कांना फोन करून बोलावलं, सगळं समजून घेतलं, आणि साडूंना उद्यापासून कामावरच यायला सांगितलं.

“बरंय की,” मी म्हणालो. “वेळ जाईल तुमचा. पण हे काही दुकान भारी असल्याचं लक्षण नाही हो साडूभाऊ. आपला खटला चालूच ठेवू.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “नही, साडूभाऊ. मी लई इचार करा. कोनी परका मानूस मन्ह्या दुकानमा येता नि मन्ह्या मालले हात लावता, तर मी त्याले पायरीवरीनच हाकली देतू. तिनी माले एप्रन दिन्हं.” एप्रन सारखा करत म्हणाले, “मन्हं दुकान हारनं.”

मी सवयीने उठलो आणि फोन फळ्यांकडे वळवू लागलो. “आज नका फिरवू,” ते म्हणाले. “त्याले काय सांगानं मी?” मग कोणीतरी त्यांना हाक मारली असावी, कारण ते वळून घाईने ‘या, या’ म्हणाले, जर्मन होकार तो, आणि फोन बंद झाला. माझ्या शेजारी रफिकभाई उभे होते. किल्ली माझ्या हातातून घ्यायला त्यांनी हात पुढे केला नाही. मलाच ती त्यांच्या मैद्याच्या हातावर ठेवावी लागली.

आता मधली भिंत पाडलीय. जिथे गल्ला होता तिथे कणीक मळायचं यंत्र फिरतं. मी दिसलो की रफिकभाई स्टूल पुढे सरकवतात, “बसा ना मास्तर” म्हणतात. पण भट्टीच्या धगीत आणि यंत्राच्या घरघरीत गोष्ट सांगायची कोणाला? साडूंचे फोन येतात, पण सुटीच्या दिवशी, आणि थोडक्यात. तिकडच्या लोकांनी त्यांना खूप नवे शब्द शिकवलेत. हशा मात्र आता माझी गोष्ट संपल्यावर जरा उशिरा येतो. नेटवर्कमुळे असेल.

हल्ली संध्याकाळी गावातली दुकानं बघत फिरतो तो मी. स्टेशन रोडची, बसस्टँडजवळची, नव्या वसाहतीतली एसीवालीसुद्धा. दुकानदार सगळे भले आहेत. पायरी चढलो की हसून नमस्कार करतात आणि विचारतात, “बोला मास्तर, काय देऊ?” मी गडबडतो, एखादी काडेपेटी घेतो आणि खाली उतरतो. घरात काडेपेट्यांचा ढीग झालाय. बायको विचारते, लंका जाळायचीय का? तिला काय सांगू? साडूंच्या दुकानात एवढी वर्षं रोज जात होतो, पण काय देऊ, असं त्यांनी मला कधी विचारलंच नव्हतं.